रिअलिस्ट जावई

३ फेब्रुवारी, सकाळ
संकल्प: थिसिसचा शेवटचा चॅप्टर याच महिन्यात. आंतरराष्ट्रीय संबंधांत अखेर रिअलिझमच खरा. राष्ट्रं ताकद पाहतात, स्वार्थ पाहतात. बाकी सगळी भाषणं.
मेघाच्या वडिलांचं, शालिकरामजींचं, हार्टचं ऑपरेशन परवा धंतोलीतल्या दवाखान्यात. त्याच दिवशी रामदासपेठेत माझा सेमिनार. मेघाला समजावलं की मी येऊन ऑपरेशन थोडंच करणार. ती बॅग भरायला लागली. पटलं असावं.

५ फेब्रुवारी
पेपर जोरदार झाला. ऑपरेशनही नीट झालं म्हणे. म्हणजे माझ्यावाचून अडलं नाही. संध्याकाळी जाणारच होतो, धंतोली बाजूलाच. चर्चा लांबली.

८ फेब्रुवारी
मेघा दवाखान्यातच मुक्कामी. फोन नाही. माझी टेस्ट घेऊन राहिली आहे. आपण आधी फोन केला तर बॅलन्स ऑफ पॉवर बिघडतो. थांबणार.
जेवण: पोहे. कालही पोहेच.

११ फेब्रुवारी
डिपार्टमेंटमधला केयूर लिबरल. त्याचं म्हणणं, देवाणघेवाण असली की भांडण कोणालाच परवडत नाही. सासऱ्यांसाठी डबा घेऊन जा. लिबरल लोक भाबडे. तरी मेघाला मेसेज टाकला: काही लागलं तर कळव. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. लिबरलिझमची मर्यादा दिसली. चॅप्टरमध्ये घालता येईल.

१४ फेब्रुवारी
कन्स्ट्रक्टिव्हिस्ट म्हणतात, शत्रू आणि मित्र आधीपासून ठरलेले नसतात, आपल्या वागण्यातून ते घडत जातात. हे खोडायला दिवसभर बसलो. मुद्दा सुचला नाही. तब्येत बरी नसावी.

१५ फेब्रुवारी
सफरचंदं घेऊन धंतोलीला गेलो. पेशंटला सुट्टी होऊन ते गावी, खाप्याला गेले, असं काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. मी कोण, विचारलं. जावई म्हटल्यावर त्यांनी वर पाहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
खाप्याला गेलो. वाटेत मेघाला सांगायचे मुद्दे तयार केले. शालिकरामजी बाजेवर पडून होते, फार उतरलेत. मला पाहून उठायला लागले. हात धरून म्हणाले, "दिल्लीहून कधी आले जावईबापू? मेघा सांगे, मोठं भाषण हाय तुमचं तिकडं."
मी मेघाकडे पाहिलं. ती सफरचंद कापत होती.
कालच आलो म्हटलं. तिकडे थंडी फार, असंही म्हटलं. त्यांना बरं वाटलं.
नंतर ओसरीवर मेघाने चहा आणून दिला. मी मुद्द्यांना सुरुवात करणार होतो.
ती म्हणाली, "सहाची बस भेटते तुमाले. मंग कोनतीच नाही."
ती कधी येणार, ते विचारलं नाही.
बस मिळाली.