उशिरा संपणारी गाणी

४ फेब्रुवारी, सोमवार

अकरा वर्षांनी तो सेट घरात आला — तोही भाचीच्या हातून, भाजीच्या पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी!

"आईने दिलाय. बंद पडलाय. आत कॅसेट अडकलीये." मग जरा चाचरत, "आणि आईने सांगितलंय, मावशीला म्हणावं यंत्र तेवढं बघ. कॅसेट ऐकायची नाही."

ऐकायची नाही! एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. अख्ख्या शहराची बोलणी या कानांवरून गेली, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आणि धाकटी मला सांगणार!

भाची मागच्या खोलीत डोकावली. ओळीने मांडलेले माझे सात सेट बघून म्हणाली, "मावशी, अगं एवढे कशाला?"

"तुझ्या चपला मोजायला येऊ का मी?"

गेली. पिशवी टेबलावर आहे. चहा झाला की उघडते.

नाही उघडली.

५ फेब्रुवारी

उघडली. तोच. उजव्या स्पीकरच्या जाळीला पोचा, तो माझ्या हातून पायरीवर आपटला तेव्हाचा. हँडलला निळी लोकर, मीच गुंडाळलेली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी आणला होता हा. रेडिओ आणि कॅसेट एकत्र, म्हणून आई त्याला 'जोडगोळी' म्हणायची. आई गेली आणि आठवड्याच्या आत धाकटीने उचलून नेला. न विचारता! तेव्हापासून बोलणं बंद.

भिंतीवरचं घड्याळ मी आणलं, ती गोष्ट वेगळी. ते कोणीतरी उतरवायलाच हवं होतं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहा ते दोन. अकरा स्क्रू, सगळे बशीत ओळीने. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला! काड्यांना कापूस गुंडाळून स्पिरिटने पुसत बसले. नखं काळी, नाकात तो वास. शाळेतल्या सिस्टर बघत्या तर हातावर पट्टी बसली असती.

कॅसेट निघाली. धाकटीच्या अक्षरात 'आई व बाळ'. बाळ म्हणजे सोमवारची ती कोथिंबीरवाली, चाळिशी ओलांडली. धाकटी बाळंतपणाला आली होती तेव्हाची टेप. आईच्या आवाजाची एवढी एकच आहे जगात.

कॅसेट खणात ठेवली. कुलूप लावलं. किल्ली साखरेच्या डब्यात. माझा माझ्यावर विश्वास आहे. तरी.

८ फेब्रुवारी

दुपारी मागच्या खोलीतच डोळा लागला. उन्हाची तिरीप बॅरिस्टरवर होती. हा माझा काळा सेट, चंदेरी कडांचा, भारी तोऱ्यात असतो. त्याचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून ठेवला होता. ती खरखर मला आवडते. कोणीतरी खूप लांब तांदूळ पाखडतंय असं वाटतं.

झोपेत जुनं घर आलं. जोडगोळी वाजत होती. आमच्या घरात सगळी गाणी जरा उशिरा संपायची. शेजारच्या घरात तीच कॅसेट लागली तर त्यांचं गाणं आधी संपे, आमच्या गाण्याला अजून एक ओळ बाकी असे. मला वाटायचं आमचं गाणं मोठं आहे. आई त्या ओळीबरोबर गुणगुणायची, पाण्यात हात घालून.

मग मी दारातून आत आले आणि आई थांबली. स्वप्नातसुद्धा! धाकटीशी तासन्‌तास बोले. संध्याकाळी मी पाऊल टाकलं की घर गप्प. ताट मांडलेलं, आणि गप्प. सात वाजेपर्यंत शब्द नाही. असं मी काय केलं होतं, हे विचारायचं राहून गेलं. आता कोणाला विचारू?

१० फेब्रुवारी, रविवार

पट्टा आणायला रेडिओवाल्याकडे. दुकान आता मुलाचं, मोबाइलची कव्हरं टांगलेली. म्हातारा कोपऱ्यात स्टुलावर बसतो आणि त्या कव्हरांकडे परक्या माणसांकडे बघावं तसा बघतो. मला सगळं यानेच शिकवलं.

"बाई, आधी किती वेगाने चालत होता बघितलंत का?"

"पट्ट्याचं डांबर झालंय. बघणार काय, कपाळ?"

"मग पट्टा घाला आणि देऊन टाका. मोटरच्या मागे भोक आहे ना, आत वेगाचा स्क्रू — त्याला हात लावू नका."

"आणि मंद चालली तर?"

"चालू दे की. इतकी वर्षं चाललीच ना?"

अशाने बुडाला देश! कोणता का असेना.

११ फेब्रुवारी

पट्टा बसला. आणि चाकं फिरली! किती हळुवार फिरतात! बघत बसले. कपड्याची घडी मोडावी तेवढासुद्धा आवाज नाही.

एकाच सुराची तपासणीची कॅसेट घातली, समोर मोबाइलवरचं मीटर. वेग बरोबर असेल तर सेकंदाला तीन हजार कंपनं दिसायला हवीत. बरीच मंद होती, मला वाटलंच होतं. तो चुकीचा आकडा लिहून ठेवला नाही. चुकीचं कशाला लिहायचं? शिवणाच्या तासाला सिस्टर म्हणायच्या, एक टाका चुकला तर सगळी शिवण उसवा. बारीक पेचकस भोकात घालून केसाकेसाने फिरवला.

३०००. बरोबर तीन हजार. हा लिहिला.

१२ फेब्रुवारी

भाची सेट आणि कॅसेट घेऊन गेली. "ऐकली नाहीस ना?" डोळे वटारले, तेवढं पुरलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीचा फोन. अकरा वर्षांनी! हॅलो नाही, कशी आहेस नाही. नुसत्या श्वासावरून ओळखलं मी.

"ताई, काय केलंस तू?"

"काय केलं? दुरुस्त केला."

"आईची चिमणी करून टाकलीस! चिवचिव, चिवचिव! ही आई नाहीये."

"मोटर केसाइतकीसुद्धा चुकलेली नाही. तीन हजार म्हणजे तीन हजार!"

"मोटर गेली खड्ड्यात! माझी आई कुठाय?"

ठेवला फोन. माझी आई म्हणे. दोघींची होती ती, निदान कागदोपत्री.

१५ फेब्रुवारी

मी बरोबर आहे.

१६ फेब्रुवारी, शनिवार

रेडिओवाल्याने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, हे त्याचं नशीब.

"बाई, सेट पहिल्यापासून मंद. कॅसेट त्याच्यावरच भरलेली, मंदपणीच. म्हणून त्याच्यावर ती नीट लागायची. दोघांची चूक सारखी होती ना! आता तुम्ही त्याला एकट्यालाच शहाणं केलंत."

म्हणजे गाणी उशिरा संपायची ती अशी. आणि मी ते त्याच्यातून काढून टाकलं, पेचकसाने, एका दुपारी, चांगल्या कपड्यांत बसून.

"परत मंद करते."

"करा की. किती मंद?"

पिशवीचा बंद उगाच सोडला, पुन्हा बांधला.

"लिहिलं असेल ना तुम्ही. तुम्ही सगळं लिहिता."

घरी येऊन ही वही उघडली. अकरा तारीख. 'बरीच मंद होती.' बरीच! यापलीकडे अक्षर नाही. हीच का ती वळणदार, नीटनेटकी बाई, जिला शाळेत सुवाच्यतेचं बक्षीस मिळालं?

१८ फेब्रुवारी

'चुकलं' हा शब्द आरशासमोर म्हणून बघितला. उच्चार जमतो. चव वाईट.

१९ फेब्रुवारी

फोन केला. "सेट घेऊन ये. कॅसेटपण. मला उसवायचंय."

"तू येऊन ने."

"गुडघा."

"माझेही दोन आहेत, ताई."

शेवटी म्हणाले. आरशासमोर म्हटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. पलीकडे तिने नाक ओढलं. मग, "उद्या तीनला येते. चहा कमी गोडाचा कर."

२० फेब्रुवारी, बुधवार

धाकटी म्हातारी झालीये! कोणी मला सांगितलं नाही.

मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. सातही सेट एकेक करून बघितले. मग हातातल्या जोडगोळीकडे बघितलं. "सगळे हिच्यासारखेच शोधलेस की गं," म्हणाली.

"काहीतरीच. या तिघांना तर चार-चार स्पीकर आहेत."

"हो का."

मागचं झाकण काढून सेट टेबलावर उपडा ठेवला, कॅसेट घातली. पहिल्यांदा ऐकली मी. खरंच चिमणी! पाळण्याची कुरकुर आणि वर एक भुर्रकन उडणारा आवाज, बाळाला कावळ्याची आणि मांजराची काहीतरी गोष्ट. मी स्क्रू फिरवत गेले. आवाज उतरत गेला. मुलगी, तरुण बाई, बाई.

"थांब. हीच," मी म्हटलं.

"छे! ही रागावलेली आई. अजून खाली."

"खाली काय, झोपाळू होईल."

"आई झोपाळूच बोलायची."

"माझ्याशी नाही."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. अर्धा तास हेच. ती खाली म्हणे, मी वर. फोनवर हुंकारावरून माणूस ओळखणारी मी — आणि आईचा आवाज हातून सुटत होता. जितकी ऐकत गेले तितका तो कोणाचाही होत गेला. घाबरले. मनात एक हलकं, पांढरं काहीतरी पसरलं, उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखं, आणि त्यावर आईचा चेहरासुद्धा उमटेना.

कॅसेट तशीच पुढे चालत होती. आई थांबली. आणि तिच्या मागे, लांब, घड्याळाचे टोले. सहा.

धाकटीने खटकन टेप थांबवली, आणि आम्ही दोघींनी एकदम वर बघितलं.

"आपलं घड्याळ," धाकटी म्हणाली. "कुठाय?"

"हॉलमध्ये."

"मग वाजत का नाही?"

"हातोडीला फडकं बांधलंय. उगाच बोलत असतं."

"अकरा वर्षं?"

घड्याळाची घंटा पितळेची. पितळ काही म्हातारं होत नाही, सूर तोच. टेपमधले टोले आणि भिंतीवरचे टोले जुळले की झालं! हे मला सुचलं नाही, तिला सुचलं. लिहून ठेवते.

सेट हॉलमध्ये नेला. धाकटी स्टुलावर चढली, फडकं सोडलं. ती काटे फिरवून टोले द्यायची, मी टेप लावायचे, आणि टेपमधले टोले संपले की ती वरून 'बंद' म्हणायची. दोन सूर जवळ आले की मध्ये एक थरथर येते. अगदी जवळ आले की थरथर लांबत जाते, पाण्यावरच्या लाटेसारखी. जुळले की पाणी स्थिर. एक्स्चेंजमधले कान शेवटी कामाला आले. दुपारी चारच्या सुमाराला आमच्या हॉलमध्ये सात वाजले, आठ वाजले, दहा वाजले. बारा होऊन गेले, पुन्हा एक वाजला. धाकटी वरून म्हणाली, "ताई, उद्या उजाडला बघ." खूप दिवसांनी पोटातून हसले. स्टूल हलेल म्हणून ती हसायची थांबली, मग स्टूल धरून मीच हसले.

दुसऱ्या दिवसाचे पाच वाजले तेव्हा थरथर थांबली.

कॅसेट मागे नेली. आई बोलली. ना माझी, ना तिची. जरा जड, जरा सावकाश, वाक्याच्या शेवटी मागे रेंगाळणारी. धाकटी स्टुलावरच बसली. मी खुर्चीवर. पेचकस हातात तसाच.

टोले पडले. त्यापाठोपाठ टेपमध्ये कोणीतरी कडाडलं, "दार कोणी उघडं टाकलंय?"

"ही कोण भवानी?" मी विचारलं.

"तू."

आणि तिने बटण दाबून टेप बंद केली. दुपारभर ती तिथेच बंद करायला लावत होती, आता लक्षात आलं.

"पुढचं तुझं तू ऐक. मी नसताना. सेट राहू दे इथेच."

"ऐकायची नाही म्हणाली होतीस ना?"

"मला वाटलं, तू त्यातपण चुका काढशील." चपला घालताना मागे न बघता म्हणाली, "मला वाटायचं तुला माहीत आहे, ताई. आज ते 'माझ्याशी नाही' म्हणालीस, तेव्हा कळलं."

मीटर लावून आकडा बघितला. २८१०. लिहिला. दोनदा.

२३ फेब्रुवारी, शनिवार

आज ऐकली.

माझ्या ओरडण्यानंतर आईचा आवाज, अगदी खाली, पाळण्याजवळ: "श्श. मावशी आली. दिवसभर सगळ्या गावाचं ऐकून ऐकून कान दुखतात तिचे. आता आपण गप्प बसायचं हं, सातपर्यंत. घरात तरी तिला कोणी काही ऐकवायचं नाही."

मग शब्द नाही. टेप बंद करायची राहिली असावी. नळ बारीक केला. ताट ठेवलं, इतकं हळू की ते हळू ठेवणंच ऐकू येतं. माझी पावलं. खुर्ची. बावीस मिनिटं.

बाजू संपली, बटण आपोआप वर आलं. टेप मागे नेली, आणि आईने गप्प बसायला सुरुवात केली तिथून पुन्हा लावली.