डेलचा ट्रेलर कोणाकडे जावा

मी लोर्ना हॅटलस्टॅड, कै. डेल हॅटलस्टॅड यांची विधवा, वय ७२, राहणार स्पियरफिश, साउथ डकोटा. ऐकू कमी येते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपल्या मनाने हे लिहिते. याआधी काही लिहून ठेवलेले सापडल्यास ते फाडून टाकावे.

१. घर, मागची जमीन व बँकेतील शिल्लक माझा मुलगा क्ले यास मिळावी. मात्र कलम ४ मधील अट पाळल्यावरच.

२. पुस्तके गावच्या वाचनालयास. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिकवले ते या कपाटाने. समासात मी काही लेखकांशी भांडले आहे, ते खोडू नये.

३. खुबा बदलल्यावर डेलला दोनशे मैल मोटारसायकलवर बसवेना, म्हणून आम्ही एका मेंढपाळाचा वापरलेला ट्रेलर घेतला. मेंढ्यांचा वास घालवायला मला आठवडा लागला. डेलने कुजलेल्या फळ्या उपटून जाड प्लायवूड टाकले, पुढचे चाक धरणारा लोखंडी चिमटा बसवला आणि पट्टे अडकवायच्या चार कड्यांचे बोल्ट आरपार खालच्या सांगाड्यात घेतले. "नुसत्या फळीत कडी मारणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो," असे तो म्हणे.

आमच्याकडे ऑगस्टच्या मोटारसायकल मेळाव्याला गाडी चालवत न आणता ट्रेलरवर लादून आणणाऱ्याला कोणी माणसात धरत नाही. त्या वर्षी भर दुपारी फाटकाशीच डेलचा धाकटा भाऊ व्हर्नन आडवा आला.

"काय दादा, नवरीला डोलीतून आणलीस? ऊन लागेल म्हणून?"

"खुबा बदललाय, व्हर्न. तोंड आवर."

"मग घरी बसायचं, वहिनींची लोकर गुंडाळत."

लोक हसले. डेलच्या गुद्द्याने व्हर्ननचा ओठ फाटला. व्हर्ननने त्याला ट्रेलरवर आपटले, चाकू काढला आणि गाडी बांधलेले चारही पट्टे कापले. "आता चालवून दाखव. नाहीतर गाडी मी नेतो."

डेल गाडी खाली उतरवून बसला. मी हँडल धरले. त्याने माझी बोटे एकेक करून सोडवली. तिसऱ्या वळणावर खुबा अडकला, पाय ब्रेकपर्यंत गेला नाही. रस्त्याच्या कठड्याने त्याची छाती फोडली. मी पोचले तेव्हा इंजिन चालू होते. तो नव्हता.

४. नऊ वर्षे क्ले जेवताना सांगतो, "आई, तू आहेस तोवर मी गप्प. तू गेलीस की काकाला संपवतो." त्याची बंदूक तेल लावून तयार असते, मी पाहिली आहे. म्हणून त्याला ठाऊक नाही ते इथे लिहिते.

क्ले, दफनानंतर चौथ्या दिवशी ट्रेलरच्या जॅकचा दांडा घेऊन मी व्हर्ननच्या अंगणात गेले. तो पायरीवर बसला होता. त्याच्या उजव्या गुडघ्यावर मी पाच घाव घातले. हाड फुटल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. पहिल्या घावाला तो ओरडला. पाचव्यानंतर म्हणाला, "वहिनी, थांबू नका." पुढचा डोक्यावर बसणार होता. त्या शब्दांनी माझा हात खाली आला. दवाखान्यात त्याने गाडीवरून पडल्याचे सांगितले, आणि आजही तेच सांगतो. तेव्हापासून त्याला मोटारसायकल चालवता येत नाही. सूड माझा होता, मी घेतला. तुझ्यासाठी काही उरलेले नाही. घेऊन मला बरे वाटले असेल असे समजू नकोस.

सबब ट्रेलर आणि डेलची दुरुस्त केलेली गाडी व्हर्नन यास द्यावी. माझ्यानंतरच्या पहिल्या ऑगस्टमध्ये त्याने ती लादून, भर दुपारी, त्याच फाटकातून न्यावी. एकाने गाडीवर बसून पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर दाबून धरल्याशिवाय दुसऱ्याला पट्टे आवळता येत नाहीत. बसेल व्हर्नन, आवळेल क्ले. हे न झाल्यास घर विकून पैसे अनाथाश्रमास द्यावेत.

फाटकाशी लोक हसतील. क्लेने तेव्हा काकाच्या शेजारी उभे राहावे.

साक्षीदार ऑरव्हिलने हे वाचून विचारले, "बाई, पोलिसांनी वाचलं तर?" मी म्हटले, "वाचू देत. तू सही कर."

सही: लोर्ना हॅटलस्टॅड
साक्षीदार: इडा क्रॉफ्ट, ग्रंथपाल, ऑरव्हिल टांग, शेजारी
स्पियरफिश, ११ मार्च २०१९