कागदावर नसलेली ओळ

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच फोन होता, त्यामुळे मी पोटासाठी काय करतो हे तुम्हाला सांगणं जरा अवघड आहे. इस्पितळांसाठी प्रोग्रॅम लिहितो. एका कॉम्प्युटरने रुग्णाची माहिती ओळीओळीने फाइलीत लिहायची, दुसऱ्याने ती वाचून जशीच्या तशी उभी करायची. थोडक्यात तुमची संथाच, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने तसंच उचलायचं; फक्त दक्षिणा बरी. परवा लिहिणाऱ्या कॉम्प्युटरवर फ्रेमवर्कची, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आमचा प्रोग्रॅम उभा असतो त्याची, नवी आवृत्ती चढवली. वॉर्डातला वाचणारा जुनाच राहिला.

काल दुपारी नर्सबाईंचा फोन. "ओ साहेब, ह्या मामींना पेनिसिलिन चालत न्हाय म्हणं. मागं श्वास अडकलाता. तुमच्या स्क्रीनवर तर 'अ‍ॅलर्जी नाही' हाय की! सुई भरून उभी हाय मी."

"ठेवा ती खाली!"

"ठिवली. पर कालपास्नं आणि किती जणांस्नी टोचलं, त्ये कोण बघायचं?"

काळजीपोटी मीच ठरवलं होतं, कुणी काही सांगितलं नाही तर 'अ‍ॅलर्जी आहे' असं धरायचं. जुनी आवृत्ती तरीही ती ओळ लिहायची. नवी म्हणाली, धरलेलंच आहे तर लिहायचं कशाला? गाळली. आणि वॉर्डातल्या जुन्याला हे धरणं ठाऊकच नव्हतं; त्याने अर्थ लावला, ओळ नाही म्हणजे अ‍ॅलर्जी नाही.

चढवण्याआधी आम्ही तुमच्याच पद्धतीने ताडून पाहिलं होतं. सहकाऱ्याच्या हातात जुन्या आवृत्तीने लिहिलेल्या फाइलीचा कागद, माझ्या हातात नवीचा; मी मोठ्याने वाचतोय, तो खुणा करतोय. सात वर्षं चाचणीला तीच फाइल, तोंडपाठ. 'अ‍ॅलर्जी, आहे,' मी खणखणीत म्हणालो. माझ्या कागदावर ती ओळ नव्हतीच.

तुम्ही चुलीपाशी आमटी ढवळताय, मी पोथी धरून घडाघडा म्हणतोय, आणि तुम्ही वळून न बघता विचारताय, "ते पान उंदरांनी खाल्लंय. तू काय उंदराचं पोट वाचतोयस?" तेव्हा मी हसलो होतो.

संध्याकाळपर्यंत खाटेखाटेशी जाऊन विचारलं. कुणाला काही झालं नव्हतं. अहवालात मी 'नव्या आवृत्तीतील फरक' असं शुद्ध मराठीत लिहिलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. सहकारी कालपासून म्हणतोय, "दादा, मीच डुलकी काढली असणार, तुम्ही न वाचलेल्या ओळीवर खूण केली." आज त्याने माफी म्हणून मला चहा पाजला. मी प्यायलो.