पन्नास फॉर्म, अक्षर एकच

अप्पा,

पहिल्या एसटीनं नांदेडला चालले, सरांकडं मुदत मागायला. माझ्या एमबीएच्या प्रोजेक्टसाठी दुकानातल्या पन्नास गिऱ्हाइकांकडून फॉर्म भरून घ्या म्हणलं होतं. तुम्ही गल्ल्यावर बसून सगळे स्वतःच भरले! पन्नास जणांचं अक्षर एकच, अन् सगळ्यांना आपली भांडी 'लई चांगली'? सर कपाळाला हात लावतील.

सोमवारी मीच दुकानात उभी राहून फॉर्म भरून घेणार. तुम्ही पेनाला हातसुद्धा लावायचा न्हाई.

एकोणपन्नास फाडले, एक ठेवलाय. त्यात 'दुकानात काय बदल हवा?' याच्यापुढं तुम्ही लिहिलंय, 'स्वप्नालीनं गल्ल्यावर बसावं.'

मला तर रोज पुण्यात नोकरी बघ म्हणता. हे तोंडानं सांगायला काय झालं होतं?

स्वप्नाली