डांबरगोळीचा कोट

रविवार, १४ सप्टेंबर. एडमंटन, कॅनडा.

डांबरगोळी! सात वर्षांनी परमिटच्या ड्रॉमध्ये नंबर लागला आणि माझी पहिली शिकार एका डांबरगोळीने घालवली.

माणसाचा वास जावा म्हणून शिकारीचा कोट आठवडाभर घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर टांगला होता. नागपूरहून आलेल्या आईला वाटलं, मी विसरलो. तिने तो आत घेतला, घडी घालून बॅगेत ठेवला, वर खिशात डांबरगोळी. आज सकाळी सरकारी माळरानावर गवतात तीन तास दबा धरून बसलो. प्रॉन्गहॉर्न हरीण तीस पावलांवर आलं, मी धनुष्य ओढलं आणि वारा फिरला. त्याने मान वर केली, की गेलंच. सोबत आलेल्या ऑफिसातल्या ग्लेनने माझा कोट हुंगला. "बडी, मॉथबॉल्स? सीरियसली?"

मला कसा आला नाही तो वास? लहानपणापासून स्वच्छ कपड्यांना हाच वास असतो, म्हणून?

घरी येऊन आईवर नको तितका ओरडलो. ती एवढंच म्हणाली, "दवात भिजत होता रे कोट." मी तो पुन्हा डेकवर भिरकावला.

आत्ता खिडकीतून पाहिलं. डेकवर कोट नाही. खाली बेसमेंटमध्ये बॅगेची चेन लावल्याचा आवाज येतोय.