खुर्चीची परवानगी

बुधवार पेठ, सोलापूर
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ऋतुजा,

सप्रेम जय भीम. तू, अण्णा आणि केराबाई मावशी सगळे बरे असाल असं धरून चालते. सीनेच्या पुराच्या बातम्या लागल्या की प्रदीप विचारायचा, "ऋतुजाची वाडी नदीपासून लांब आहे ना गं?" तुमची शाळा पुरात बंद होती म्हणे. वर्गातली ओल गेली का? पुस्तकं वाचली का?

तुझे फोन येऊन गेले, बघितले. उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस. सध्या मला फोनवर नीट बोलता येत नाही. म्हणून बी.एड.च्या सुट्टीत लिहायचो तसं पत्र लिहिते आहे. प्रदीप उद्या पाण्याच्या टाकीवर ड्यूटीला जाताना पेटीत टाकेल.

पार्सल मिळालं. मावशींना माझा नमस्कार सांग. अजून उघडलेलं नाही.

शाळेचं विचारलं होतंस. काय सांगू! सकाळी गेलं की आधी मशीनवर अंगठा. माझा अंगठा त्या मशीनला कधीच पटत नाही. भांडी घासून रेषा झिजल्यात असं ऑफिसातला क्लार्क म्हणतो. मशीनला पटेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि उशीर माझ्या नावावर. गळ्यातलं कार्ड फळा पुसताना खडूच्या पेटीत अडकतं, पण ते काढायचं नाही. सोमवारी मोरपंखी साडी, शनिवारी चॉकलेटी. केस मोकळे नकोत, अंबाडाही नको, "साधी वेणी". व्हरांड्यात इंग्रजीतच बोलायचं. मी मराठी शिकवते गं! वर्गात "मातृभाषेचे महत्त्व" हा निबंध घ्यायचा आणि दाराबाहेर पाऊल पडलं की मराठीला दंड.

मुलांचं तर त्याहून वाईट. तहान बेल वाजल्यावरच लागायची. लघवीला मधल्या सुट्टीतच यायची. सहावीतल्या एका मुलीच्या रिबिनीचा लाल रंग शाळेच्या लालपेक्षा फिका होता, म्हणून तिला प्रार्थनेत वेगळं उभं केलं. तिची आई दुसऱ्या दिवशी पाया पडायला आली. रिबिनीसाठी.

आणि जूनपासून वर्गात खुर्च्या नाहीत. आमच्या संस्थेचे सेक्रेटरी सोमशेखर सर, त्यांनी वर्गावर्गात कॅमेरे बसवले आणि त्याच दिवशी खुर्च्या काढून गोदामात टाकल्या. मीटिंगमध्ये म्हणाले, "शिक्षक बसला की वर्ग झोपतो." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या कुणास ठाऊक. सवय असते.

मी रजेवरून परत गेले त्या दिवशी माझ्या वर्गात एक खुर्ची होती. निळ्या गादीची, ऑफिसातली. दुसऱ्या दिवशी नव्हती.

बाकी काही विशेष नाही. तब्येत चांगली आहे. डॉक्टरांनी रक्त वाढायच्या गोळ्या दिल्यात, त्या घेते. परवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कुठे गेलो नाही. सासूबाईंनी घरातच वंदना घेतली.

दिवाळीत येते म्हणालीस, पण येऊ नकोस. इकडे पाण्याची फार बोंब आहे. पाच-पाच दिवस नळ येत नाही, तुझी गैरसोय होईल.

तुझी,
बुद्धप्रिया


बुधवार पेठ, सोलापूर
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय ऋतू,

तुझं पत्र आलं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. "प्रिया, रजा कसली होती?"

तुझ्यापासून काहीही लपत नाही. उत्तर लिहायला मी दिवाळीतच बसले होते, जमलं नाही. आज लिहिते.

बाळ राहिलं नाही. सप्टेंबरमध्येच गेलं. पाचवा महिना चालू होता.

मावशींचं पार्सल त्यानंतर आलं. शेवटी सासूबाईंनी उघडलं. एवढंसं घोंगडं, कडेला पांढरी किनार. त्यांनी ते गालाला लावून बघितलं, "लोकर लई मऊ हाय," म्हणाल्या आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवून दिलं. मावशींना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यानं होणार नाही.

ऑगस्टपासून माझी कंबर धरायची. दिवसभर उभं राहून पाय असे सुजायचे की चप्पल काढली तरी पट्ट्यांचे वळ तसेच. मी प्रिन्सिपल मॅडमना म्हटलं, एक स्टूल द्या. त्या स्वतः दोन लेकरांच्या आई आहेत. म्हणाल्या, "मला कळतंय गं, पण तुला दिलं की उद्या सगळ्या मागतील. तू अर्ज दे, मी सरांपुढे ठेवते." अर्ज दिला. मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलं. तेही दिलं. मग सर बंगळूरला गेले होते. मग गणपती आले. नागम्मा म्हणून आमच्या शाळेत साफसफाईला मावशी आहे, ती मधल्या सुट्टीत जिन्याखाली बादली उपडी घालायची आणि म्हणायची, "बाई, बसा की हितं. हितं क्यामेरा नाय." मी सहावी-सातवीची मराठीची शिक्षिका, जिन्याखाली बादलीवर बसून डबा खायचे.

तो शनिवार होता. घटक चाचणी चालू होती, सहावी ब वर माझं सुपरव्हिजन. पोटात सकाळपासून ओढ लागली होती. मी खिडकीच्या कट्ट्याला टेकले. बसले नाही ऋतू, नुसती टेकले. भिंतीवरचा स्पीकर खरखरला. "सिक्स्थ बी. मॅडम, प्लीज डोन्ट लीन."

मुलांनी माना वर केल्या. कुणीतरी फिसकन हसलं. आणि मी सरळ उभी राहिले. वर कॅमेऱ्याकडे बघून मानही हलवली, हो सर अशी.

थोड्या वेळानं पायावरून ओघळ आला. साडी चॉकलेटी होती, कुणाला काही दिसलं नाही. बदली शिक्षक आल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही हा नियम. दारातून जाणाऱ्या शिपायाजवळ मी निरोप दिला आणि वाट बघत उभी राहिले. फळ्यावर वेळ लिहायची असते, तीही लिहिली. नागम्मा झाडू घेऊन दारावरून चालली होती, तिची नजर फरशीवर गेली. ती सरळ आत आली. पोरांना म्हणाली, "लिवा रे तुमी, वर बघू नका." मला काखेत धरलं आणि खाली नेऊन रिक्षात घातलं. तिच्या मांडीवर डोकं होतं एवढं आठवतं. ती सगळा रस्ता तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मी डॉक्टरांना पहिलं हेच विचारलं, उभं राहिल्यामुळे झालं का? त्या भल्या आहेत, खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तसं ठाम नाही सांगता येत. शेतात वाकून काम करणाऱ्या बायकांनाही काही होत नाही, आणि कधी पलंगावर पडून असलेल्यांचंही जातं." त्यांना वाटलं मला धीर येईल. मला कुणाच्या तरी नावावर ते टाकायचं होतं, ऋतू. तेवढंही मिळालं नाही.

आता तुला खुर्चीचं कळेल. मी परत गेले तेव्हा वर्गात ती निळी खुर्ची ठेवलेली. प्रिन्सिपल मॅडमनी ऑफिसात बोलावून हातात कागद दिला. माझा अर्ज मंजूर झाला होता. "प्रसूतीपर्यंत वर्गात खुर्ची वापरण्यास परवानगी." मी कागद वाचून त्यांच्याकडे बघितलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे डोळे भरले, खोटं नाही सांगत. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची नव्हती. मी विचारलं तर खाली बघत म्हणाल्या, "आता कारण राहिलं नाही ना."

मी त्यानंतर दिवाळीपर्यंत रोज उभी राहिले. शिकवलं, वह्या तपासल्या, त्याही उभ्यानं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. घरी आल्यावरही मी बसत नव्हते. ओट्यापाशी उभी राहून जेवायचे. प्रदीप म्हणायचा, "अगं, टेक की जरा." मला ऐकूच यायचं नाही.

सासूबाई मात्र बघत होत्या. त्यांचा जन्म विड्या वळण्यात गेला, मांडीवर सूप घेऊन. एका सकाळी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आमास्नी बसून बसून मारलं. उटून पाय मोकळं करू देत न्हवते, विड्या कमी पडत्यात म्हून. तुला उभी करून माराय लागल्यात. कुटवर ऐकनार हाईस?"

"मग काय करू?" मी ओरडले. या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले.

"बस की," त्या म्हणाल्या. "बसाय काय लागतं?"

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी आम्ही दोघी घरातली प्लास्टिकची खुर्ची रिक्षात घालून शाळेत गेलो. गेटवर वॉचमन आडवा आला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "माजी सून हाय. हिचं पोरगं गेलंय तुमच्या शाळेत. खुर्ची कुटं न्यायची ती मी नेते, तू माज्या अंगाला हात लाव बगू." त्यानं लावला नाही. वर्गाच्या दारापर्यंत त्या आल्या, खुर्ची ठेवली आणि मागं न बघता गेल्या.

मी बसले. हजेरी घेतली. स्पीकर खरखरला, "मॅडम, प्लीज गेट अप." मी धडा उघडायला सांगितला. परत आवाज आला. मी वाचत राहिले. मांड्यांवर कोपरं रोवून ठेवली.

सोमशेखर सर स्वतः आले. रागानं नाही. ते कधीच रागावत नाहीत. मुलांसमोर नको म्हणून मला व्हरांड्यात बोलावलं. मी म्हटलं, "सर, इथंच बोला. स्पीकरवर मुलांसमोरच बोलला होतात."

ते म्हणाले, "बुद्धप्रिया मॅडम, तुमच्या दुःखाचा आम्हाला आदर आहे. पण त्याचा असा फायदा घेऊ नका."

फायदा. हा शब्द मी मुलांना वाक्यात उपयोग करायला देते.

मी विचारलं, "सर, तुम्ही तुमच्या केबिनमध्ये उभे राहता का?" एवढंच विचारलं. घरी ठरवून गेले होते त्या मोठ्या भाषणातलं एक अक्षर आठवलं नाही.

दुपारी राजीनाम्याचा टाइप केलेला कागद पुढे आला, "वैयक्तिक कारणास्तव". मी सही केली नाही. मग त्यांनीच काढून टाकलं, शिस्तभंग म्हणून. माझी खुर्ची गोदामात गेली. स्टाफरूममध्ये मी डबा घ्यायला गेले तेव्हा सगळ्या जणी खिडकीतून बाहेर बघत होत्या. बारा वर्षं जिच्या शेजारी डबा खाल्ला तिनं एवढंच म्हटलं, "आम्हालाही घर आहे गं." तिच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

मी शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे. तिथले साहेब म्हणाले, खाजगी संस्था आहे, बघतो. साक्षीला कोण आहे विचारलं. नागम्मा येते म्हणाली. मीच नको म्हटलं, तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, एकटीवर घर चालतं. मागच्या रविवारी चैताली आली होती, पहिलीला शिकवणारी नवीन पोरगी. दाराशीच घुटमळली. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि "कितवा हाय?" म्हणून विचारलं. ती रडायलाच लागली. तिसरा आहे. तिनं शाळेत कुणाला सांगितलं नाही, आणि आता सांगणारही नाही. घरच्यांनी नोकरी सोडायला लावली आहे. "मला शिकवायला खूप आवडत होतं, मॅडम," असं आत्ताच भूतकाळात म्हणाली. त्या शनिवारी स्पीकरवरचं तिनं शेजारच्या वर्गात ऐकलं होतं, ते लिहून देते म्हणाली. परवा तिच्या सासऱ्यांचा फोन आला, आमच्या सुनेला यात ओढू नका.

तेव्हा असं आहे. शाळेत अजून खुर्च्या नाहीत. माझ्या जागी दुसरी बाई आली आहे, ती उभी असते.

मी सध्या घरीच शिकवण्या घेते. गल्लीतली पोरं येतात, सतरंजीवर सगळे बसतो.

आणखी एक सांगायचं होतं. दवाखान्यात नर्सनं विचारलं होतं, बघायचंय का. मी भिंतीकडे तोंड केलं. प्रदीपनं बघितलं. स्मशानात तोच घेऊन गेला, टॉवेलमध्ये गुंडाळून. आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नव्हतो. तो ड्यूटीवर जायचा, यायचा, नळाचं पाणी भरायचा. काल संध्याकाळी तो दारात बूट काढत होता तेव्हा मी विचारलं, "कसं होतं रे?"

तो तसाच बसून राहिला, एक बूट हातात. मग म्हणाला, "लहान होतं. पण सगळं होतं, प्रिया. नखंसुद्धा."

पुढे लिहवत नाही.

तुझी,
प्रिया