नीलाची वेगळी कढई

गाझियाबाद
ता. ६ जानेवारी १९९८

चि. नीलाला आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या आईनं वाचलं आणि रडत बसली, म्हणून मी लिहिते. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून घे. सख्ख्या भावाचं लग्न, आणि तू म्हणतेस अक्षता टाकल्या की पानिपतची बस धरीन, जेवायला थांबणार नाही. हे काय? उल्हास म्हणतो, बहीण पंगतीला नसेल तर मीही जेवणार नाही. घरात एक न जेवणारी आहे तेवढी पुरे.

गहू नको, दूध नको. डॉक्टरनं सांगितलं तर सांगितलं. आमच्या लहानपणी गहू सणालाच दिसायचा, दूध डेअरीला जायचं. कोणी मेलं नाही. पण त्याचा एवढा बाऊ कशाला? दिवाळीत माझ्या हातचा नुसता आमटीभात खाल्लास तरी तीन दिवस इस्पितळात. मी तेव्हाही म्हणाले, आताही म्हणते, तू चोरून करंजी खाल्लीस. खाल्ली असशील तर सांगून मोकळी हो.

थंडी फार आहे. ऑफिसात स्वेटर घालून बस, शोभा नको बघू.

लोभ आहेच, सध्या रागही आहे.
ठकूबाई


पानिपत
ता. १४ जानेवारी

ती. आजीला नीलाचा सा. न. वि. वि.

करंजी खाल्ली नव्हती. हे चौथ्यांदा सांगतेय, पाचव्यांदा सांगणार नाही.

आजी, मला जेवायचा कंटाळा नाही गं. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या लोकांबरोबर ढाब्यावर गेले. तीनदा सांगितलं, आटा नहीं, दूध-घी नहीं. तो म्हणाला बिल्कुल, आणि डाळीवर लोण्याचा गोळा घालून घेऊन आला. परत पाठवली तर आत जाऊन गोळा तेवढा काढला आणि तीच वाटी पुन्हा माझ्यापुढे. बटाटे तेलातले म्हणाला. तेल पुऱ्यांचं होतं. पुढचे दोन दिवस रजा.

बाहेर ॲलर्जी म्हटलं की लोकांना नखरे वाटतात. लग्नात वहिनीच्या माहेरचे आग्रह करणार, एक घास घ्या, एकच घास. नाही म्हटलं तर त्यांचा अपमान, हो म्हटलं तर मी परत सलाइनवर, तेही दादाच्या लग्नाच्या दिवशी. म्हणून बस धरते.

आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डबीतल्या हिंगातही बहुतेक गव्हाचं पीठ असतं. आता हलवायाला हे विचारणार कोण? जाऊ दे. दादाला काही बोलू नकोस.

रागासकट तुझीच,
नीला


गाझियाबाद
ता. २५ जानेवारी

चि. नीलाला आशीर्वाद. वि. वि.

उल्हासला घेऊन करोल बागेत लग्नाच्या हलवायाकडे जाऊन आले. गहू नाही, दूध नाही, असा कागद त्याला दिला. त्यानं तो न वाचता पेढ्यांच्या खोक्याखाली सरकवला आणि म्हणाला, माताजी, थोडे से कुछ नहीं होता. मी कागद काढून घेतला. म्हटलं, मुलीचं व्रत आहे.

तो उठून उभा राहिला. व्रताची कढई वेगळी, आचारी वेगळा, तोही आंघोळ केलेला. झालं काम, असं वाटलं. तर निघताना हात जोडून म्हणतो, काळजी नको, व्रतवालीचं सगळं शुद्ध देशी तुपात करतो, वर दही आणि पनीर. व्रताला दूध चालतं, हे मेलं माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुन्हा बसले. म्हटलं, मुलगी काशीला गेली होती, तिथे गहू आणि दूध जन्मभरासाठी सोडून आली. तो म्हणाला, लोक काशीला जाऊन कारलं सोडतात. मी म्हटलं, आमच्यातल्या मुली अशाच. मग त्यानं आचाऱ्याला बोलावून माझ्यासमोर बजावलं. तुझ्यासाठी नवी कढई, नवा झारा, शेंगदाण्याचं तेल, हिंग नाही. काशीत सोडलेलं दुसऱ्याला चारायचं पाप कोण घेतो? व्याह्यांकडेही काशीची बातमी पोचवली आहे. एक घास म्हणायची कोणाची छाती नाही. काशी मी पाहिलेली नाही, तूही नाहीस. कोणी विचारलं तर डोळे मिटून घे.

घरी आल्यावर हिंगाची डबी उल्हासकडून वाचून घेतली. गव्हाचं पीठ आहे. दिवाळीच्या आमटीत तोच होता, तुला आवडतो म्हणून चिमूटभर जास्तच. करंजी तू खाल्ली नव्हतीस. इस्पितळात चार माणसांत मी तुला खोटारडी म्हणाले, ते चुकलं. तुझ्या आईला सांगितलं, आता तुला लिहिलं.

ये. जेवायला थांबावंसं वाटलं तर थांब. नाही वाटलं तर बसपर्यंत मी सोडायला येईन.

लोभ कर, नाही केलास तरी मी करणारच.
ठकूबाई


पानिपत
ता. १६ फेब्रुवारी

ती. आजीला सा. न. वि. वि.

लग्नाला आज चौथा दिवस. पोट ठीक आहे.

तू सकाळपासून कढईपाशी स्टुलावर बसलीस, त्यामुळे निम्म्या पाहुण्यांनी तुला हलवायाची आई समजून तुझ्याकडे गरम पुऱ्या मागितल्या. तू त्यांना रांगेत उभं केलंस, तेही राहिले. वहिनीची आजी माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आग्रह कोणी केला नाही. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. बाहेर कुठे भात मागून घेतल्याला दीड वर्ष झालं असेल. दादा माझ्या पानाकडेच बघत होता, त्याचा फोटो तसाच आलाय म्हणे.

निघताना हलवायानं मला बाजूला बोलावलं. त्याची मुलगी दहा वर्षांची आहे. रोटी खाल्ली की पोट फुगतं, उंची वाढत नाही. तिला काशीला नेऊन गहू सोडायला लावला तर बरी होईल का, असं विचारत होता. मला खोटं बोलवेना. काशी नाही, इस्पितळ, असं सगळं सांगून टाकलं आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. कागद त्यानं दोनदा वाचला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

मग म्हणाला, हे मला कळलंय असं माताजींना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. मी हो म्हटलंय. तेव्हा हे पत्र तुला मिळालं नाही असं समज, आणि होळीला मी येतेय, आमटी कर.

तुझी,
नीला